पिओनी फुलून गेल्यावर : जूनपासून बर्फ पडेपर्यंतची कामं

आमच्याकडे मिशिगनात जूनच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात वळवासारखी एक सर येते. आदल्या दिवशीपर्यंत ताटलीएवढी उमललेली पिओनी त्या एका सरीत तोंडावर पडते. पाकळ्या चिखलात, देठ वाकडे, सगळं अंगण लग्न आटोपलेल्या मांडवासारखं दिसतं. आणि मग नुकतंच घर घेतलेल्या कुणा मित्रमैत्रिणीचा फोन येतो, ‘हिचं आता काय करायचं गं? कापून टाकू का?’

कापू नका. जून-जुलैत पिओनीला फारसं काही करायचं नसतं, आणि चुका होतात त्या नेमक्या तेव्हाच. अंगमेहनतीचं काम सप्टेंबरात येतं. घराबरोबर आधीच्या मालकाची दोन-चार झुडपं आयती मिळाली आहेत आणि बागकामाचा अनुभव म्हणजे गॅलरीतली तुळस आणि मोगरा, अशांसाठी हे लिहिते आहे. तारखा डेट्रॉईटच्या आसपासच्या आहेत. न्यू जर्सीत फुलं आठ-दहा दिवस आधी येतात.

आधी ओळख पटवा

पिओनी तीन प्रकारची असते. तुमच्याकडची कुठली, ते कळल्याशिवाय सिकेटर (छाटणीची कात्री) हातात घेऊ नका.

हिवाळ्यात जमिनीच्या वर काहीच उरत नाही आणि एप्रिलमध्ये लाल कोंब फुटतात, ती साधी झुडपी पिओनी. दहातल्या नऊ अंगणांत हीच असते. हिचं मूळ चीन आणि सैबेरियाकडचं. ‘सारा बर्नहार्ट’ ही फिकट गुलाबी जात १९०६ पासूनची आणि ‘फेस्टिव्हा मॅक्सिमा’, म्हणजे पांढरीवर कुंकवाचे शिंतोडे उडावेत तशी, ती तर १८५१ ची. दोन्ही अजून नर्सरीत सर्रास मिळतात.

दुसरी ट्री पिओनी. हिच्या तपकिरी, लाकडी फांद्या बर्फातही उभ्या असतात. ती जमिनीलगत कधीही कापायची नाही.

तिसरी या दोघींचा संकर, इतोह पिओनी. जपानच्या तोइची इतोह यांनी १९४८ मध्ये हा संकर साधला, पण त्याची फुलं बघायला ते स्वतः राहिले नाहीत. हिचं बूड इतकं कठीण असतं की तुकडे करून वेगळी करायला करवत लागते. पहिलाच प्रयोग हिच्यावर करू नका, महागडी असते.

इथून पुढचं सगळं पहिल्या प्रकारासाठी.

जून : फूल काढा, पान ठेवा

पाकळ्या झडायला लागल्या की वाळलेलं फूल काढायचं. देठावरून खाली बोट फिरवत या. पहिलं मोठं, पूर्ण पान लागेल तिथे, त्याच्या किंचित वर कापा. मागे उघडा दांडा राहता कामा नये, पण पानांना धक्काही लागता कामा नये. फूल तसंच राहिलं तर त्या जागी जाड सालीच्या शेंगा धरतात आणि झाडाची ताकद बियांत जाते. बी पेरून रोप करायची हौस असेल तर चार-पाच वर्षं थांबायची तयारी ठेवा, आणि आईसारखंच फूल येईल अशी आशा ठेवू नका.

पडलेल्या पाकळ्याही उचला. ओल्या पाकळ्यांचा थर पानांवर बसला की तिथेच बुरशी सुरू होते.

पानांचं एवढं का? झुडूप आता सप्टेंबरपर्यंत उन्हात उभं राहून अन्न बनवणार आणि ते जाडजूड मुळांत साठवणार. पुढच्या वर्षीचे डोळे, म्हणजे ज्यांतून नवे कोंब फुटतात ते अंकुर, याच उन्हाळ्यात मातीखाली, बुडाशी तयार होतात. पान गेलं की तो कारखानाच बंद.

हे मी शिकले ते आईमुळे. ती पहिल्यांदा इकडे आली तेव्हा सहा महिने राहिली. साताऱ्याच्या घरी तिने आयुष्यभर गुलाब आणि जास्वंद छाटली, आणि छाटलं की जोमाने फुटतं हा तिचा रोकडा अनुभव. जुलैतल्या एका दुपारी मी ऑफिसातून आले तर पिओनीचा वाफा एकदम चकाचक. ‘नुसता पसारा झाला होता, साफ केला,’ ती म्हणाली, वर ‘बघ आता कशी फुटते ते.’ फुटली नाही. पिओनी वर्षातून एकदाच कोंब काढते, त्या वर्षीचे गेले की गेले. पुढच्या मे महिन्यात ज्या झुडपाला वीस-पंचवीस फुलं यायची, त्याला दोन आली. पूर्ववत व्हायला आणखी दोन वर्षं लागली. आईला मी हे अजून सांगितलेलं नाही.

फुलदाणीसाठी फुलं कापतानाही हाच हिशेब. दांडी कितीही लांब हवी असली तरी खाली दोन-तीन पानं राहू द्या, आणि एका झुडपाची निम्म्याहून जास्त फुलं घरात आणू नका.

मुंग्यांबद्दल दोन शब्द, कारण हा प्रश्न हटकून येतो. कळ्यांवर गोड रस सुटतो, त्यासाठी मुंग्या येतात. मुंग्या नसल्या तर कळी उमलत नाही असं इथले जुने लोकही सांगतात, त्यात तथ्य नाही. त्या नुकसानही करत नाहीत. औषध मारू नका.

जुलै-ऑगस्ट : थोडं खत, नेमाने पाणी

फुलं संपल्यावर झुडपाभोवती कंपोस्टचं एक कडं करा, बुडापासून वीतभर लांब. खोडावर ढीग नको. रासायनिक खत द्यायचंच तर नत्र कमी आणि स्फुरद-पालाश जास्त असं बघा. पिशवीवर ५-१०-१० लिहिलेलं चालतं, झुडपामागे एक लहान मूठ. लॉनसाठीचं खत चुकूनही नाही. त्यात नत्र भरमसाट, त्याने पानं माजतात, देठ लुळे पडतात आणि कळ्या रुसतात. लॉनची कामं बाहेरून करून घेत असाल तर वाफ्याच्या कडेला चार काठ्या रोवून ठेवा, म्हणजे तणनाशकाचा फवारा तिकडे वळणार नाही.

पाऊस नसेल तर आठवड्याला इंचभर पाणी, एकदाच पण मुरेल असं. पाइप बुडाशी धरा, पानांवर नको.

ऑगस्टात पानांवर पांढरी पावडर दिसली तर घाबरू नका. द्राक्षवाल्यांच्या ओळखीची ती भुरी. इतक्या उशिरा आलेली भुरी फार बिघडवत नाही, नुसती वाईट दिसते. काळजी करायची ती करप्याची. वसंतात कळ्या वाटाण्याएवढ्या असतानाच काळ्या पडतात, किंवा अख्खा कोंब एका रात्रीत मान टाकतो आणि बुडाशी राखाडी लव दिसते. असे दांडे बुडापासून कापून कचऱ्यात टाका, कंपोस्टात मुळीच नाही, आणि कात्री पुसून घ्या.

वेगळी करायची की नाही?

मला विचाराल तर बहुतेक वेळा नाही. कर्दळ किंवा सोनटक्का दोन-तीन वर्षांत दाटी करतो आणि उपटून पातळ करावा लागतो, त्या सवयीने लोक पिओनीवर कुदळ उचलतात. पिओनी एकाच जागी पन्नास-पन्नास वर्षं फुलते, तिला हलवलेलं आवडत नाही. अ‍ॅन आर्बरच्या निकोल्स आर्बोरेटममधली पिओनीची बाग जाऊन बघा. डॉ. डब्ल्यू. ई. अपजॉन यांनी १९२२ मध्ये झाडं दिली, १९२७ मध्ये बाग लोकांसाठी खुली झाली. सत्तावीस वाफे आहेत, आणि भर बहरात दहा हजारांपर्यंत फुलं असतात. मेअखेर ते जूनच्या मध्यापर्यंत कधीही गेलात तरी काहीतरी फुललेलं सापडतं.

मग वेगळी कधी करायची? शेजारचं मेपल वाढून तिच्यावर सावली धरली असेल, घर बदलताय, मैत्रिणीला द्यायची आहे, किंवा झुडूप मधून विरळ होऊन फुलं वर्षागणिक घटत चालली आहेत. ‘फुलतच नाही’ एवढंच कारण असेल तर आधी बोटाने माती उकरून डोळे किती खोल आहेत ते बघा. बऱ्याचदा दुखणं तिथेच सापडतं.

केव्हा

सप्टेंबरच्या सुरुवातीपासून ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत. पानं पिवळसर-तांबूस व्हायला लागलेली असतात, डोळे तयार झालेले असतात, आणि माती अजून उबदार असल्याने बारीक मुळं फुटायला वेळ मिळतो. जमीन गोठण्याआधी निदान सहा आठवडे हातात हवेत. मी मनाशी ‘गणपती गेल्यापासून दसऱ्यापर्यंत’ असं धरते, पण अधिक महिना आला की हे गणित पुढे सरकतं. तेव्हा लेबर डे (सप्टेंबरचा पहिला सोमवार) झाला की तयारीला लागा. वसंतात मात्र हात लावू नका. तेव्हा हलवलेली पिओनी जगते, पण वर्ष-दोन वर्षं फुगून बसते.

खणायचा दिवस

शनिवार सकाळ धरा, कारण मध्ये दोन-तीन तास थांबावं लागतं. गार्डन फोर्क, फावडं, पाण्याची नळी, जुनी ताडपत्री, सिकेटर आणि ब्रेड कापायचा जुना दातेरी सुरा एवढं काढून ठेवा. एका बादलीत एक भाग ब्लीच आणि नऊ भाग पाणी करा. प्रत्येक झुडपानंतर सुरा त्यात बुडवायचा आहे. नवे खड्डे आदल्या दिवशीच खणून ठेवलेत तर कंबर वाचेल. वाफ्याला आदल्या दिवशी पाणीही द्या.

१. दांडे चार इंचांवर कापा. खूण म्हणून आणि धरायला तेवढे पुरतात.

२. झुडपापासून फूटभर लांब, गोल फिरत फोर्क सरळ खाली घाला. खोली फूट-सव्वा फूट. चारी बाजूंनी माती सैल झाली की मगच उचकटा. दांडे धरून ओढायचं नाही, मुळं मुळ्यासारखी कटकन मोडतात.

३. गड्डा ताडपत्रीवर घ्या. दहा वर्षांचा असेल तर दोघं लागतील. आमच्याकडे या टप्प्यावर नवऱ्याला हाक जाते आणि त्याला कॉल असतो.

४. नळीने धुवा. जोराचा फवारा नको, डोळे तुटतात.

माती गेली की पहिल्यांदाच कळतं की आपण काय पाळलं होतं. तपकिरी, निमुळती, रताळ्यासारखी मुळं एकमेकांत गुंतलेली, काही मनगटाएवढी जाड. वास औषधी. या जातीची मुळं चिनी वैद्यकात फार जुन्या काळापासून वापरतात, त्याचं नवल वाटत नाही. आणि मुळं जिथे एकत्र येतात त्या बुडाशी, जुन्या दांड्यांच्या खुंटांशेजारी, टोकदार गुलाबी डोळे. लसणाच्या लहान पाकळीएवढे, काही पांढुरके, काही गडद. हे पुढच्या मेचे दांडे. इथून पुढचं सगळं या डोळ्यांना जपत करायचं.

५. आता गड्डा सावलीत ठेवा आणि जेवून घ्या. दोन-तीन तासांत मुळं किंचित लवचीक होतात आणि कापताना कमी मोडतात.

६. कापणी. गड्डा हातात फिरवत त्याच्या नैसर्गिक भेगा शोधा. उसाची टिपरी करताना डोळे मोजतात, तसंच इथे. प्रत्येक तुकड्याला तीन ते पाच डोळे आणि त्यांना पोसायला पुरेशी जाड मुळं हवीत. नुसते डोळे, मुळं नाहीत, तो तुकडा मरतो. नुसती मुळं, डोळे नाहीत, त्याची पाच वर्षं वाट बघितली तरी काही उगवत नाही. पहिल्या वेळी लोभ होतो. एका गड्ड्यातून दहा तुकडे करावेसे वाटतात. तीन-चार करा. एकेका डोळ्याचे तुकडे जगतात, पण फुलायला चार-चार वर्षं घेतात.

७. मधला जुना, काळा पडलेला, पोकळ भाग बेलाशक फेका. मऊ, कुजकी मुळं कापत पांढऱ्या गरापर्यंत या. लांबलचक मुळं वीतभर ठेवून छाटा.

८. काप एक रात्र सावलीत सुकू द्या. रविवारी लावा.

लावणी : दोन बोटं

जागा किमान सहा तास उन्हाची, पाणी न साचणारी, मोठ्या झाडांच्या मुळांपासून दूर. दोन झुडपांत तीन ते चार फूट. रिकामं दिसतं, मान्य आहे, पण पाच वर्षांनी तेवढं लागतं. जुन्याच खड्ड्यात परत लावू नका. तिथे नवी पिओनी खुरटते. दुसरी जागाच नसेल तर खड्ड्यातली माती बदला.

खड्डा दीड फूट रुंद, दीड फूट खोल. इकडच्या चिकणमातीत कंपोस्ट भरपूर मिसळा. तळाशी माती पायाने दाबून तिचा उंचवटा करा, त्यावर तुकडा बसवा, मुळं खाली उताराला, डोळे आकाशाकडे.

आता या लेखातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. खड्ड्यावर एक सरळ काठी आडवी ठेवा. काठीपासून डोळ्यापर्यंत दोन बोटं आडवी मावली पाहिजेत. एक ते दोन इंच, बस. टेक्सास-जॉर्जियासारख्या उबदार भागात एकच बोट. माती भरली की पाणी घाला, माती बसली की काठी ठेवून पुन्हा मोजा, कारण पाण्याबरोबर तुकडाही खाली जातो.

मी पहिली पिओनी हळदीसारखी लावली होती, चांगली पाच इंच खोल, वर प्रेमाने कंपोस्टचा ढीग. तीन वर्षं हिरवीगार पानं आली. फूल एक नाही. खत बदललं, पाणी बदललं, ज्या नर्सरीतून आणली तिला मनातल्या मनात नावं ठेवली. चौथ्या सप्टेंबरात खणून वर उचलली, आणि त्यानंतरच्या दुसऱ्या मेमध्ये सहा कळ्या. डोळ्यांना थंडी लागावी लागते, आणि खोल मातीत ती नीट पोचत नाही, शिवाय कोंबाची सगळी ताकद वर येण्यातच जाते. त्या नर्सरीची मी मनातल्या मनातच माफी मागितली.

थंडीपर्यंत

लावल्यावर भरपूर पाणी, नंतर पाऊस नसेल तर आठवड्याला एकदा, जमीन गोठेपर्यंत. खत आता नको.

जुन्या झुडपांची पानं पहिल्या कडक दहिवरानंतर काळवंडतात. तेव्हा, आणि तेव्हाच, सगळे दांडे जमिनीपासून इंच-दोन इंचांवर कापा आणि पाला यार्ड वेस्टच्या पिशवीत भरून बाहेर पाठवा. करप्याचे बीजाणू त्याच पाल्यात हिवाळा काढतात, म्हणून तो वाफ्यात पडू द्यायचा नाही. कुत्रा-मांजर असेल तर पाला त्यांच्या तोंडी लागू देऊ नका, त्यांना तो बाधतो.

नव्या लावणीला पहिल्या हिवाळ्यापुरतं आच्छादन लागतं. माती गोठते, वितळते, पुन्हा गोठते, त्या उचकापाचकीत अजून न रुजलेला तुकडा वर उचलला जातो. जमीन गोठल्यावर तीन-चार इंच गवताचा पेंढा पसरा आणि एप्रिलमध्ये आठवणीने काढा. राहिला तर पुन्हा तेच खोलीचं दुखणं. जुन्या झुडपांना आच्छादन नको.

पहिल्या मेमध्ये नव्या तुकड्याला दोन-तीन किडमिडे दांडे येतील. एखादी कळी धरली तर ती खुडून टाका, ताकद मुळांत जाऊ दे. (मी एक ठेवली होती. राहवलं नाही.) दुसऱ्या वर्षी थोडी फुलं, तिसऱ्या वर्षी नीट.

एक तुकडा पुण्याला नेता येईल का?

दरवर्षी कुणीतरी विचारतंच. बॅगेत घालून नेऊ नका. भारतात रोपं-कंद न्यायला आयात परवाना आणि रोगमुक्ततेचा दाखला लागतो. आणि रीतसर नेली तरी पुण्यात ती फुलायची नाही. हिला हिवाळ्यात चार-पाच अंश सेल्सिअसच्या खाली पाचशे ते हजार तास लागतात, पुण्याची गुलाबी थंडी त्यापुढे काहीच नाही. भारतात पिओनी बघायचीच असेल तर हिमालयात. काश्मीर, हिमाचल, उत्तराखंडच्या उंच जंगलांत तिची एक पांढरी रानजात आपसूक फुलते.

इथल्या मैत्रिणींना मात्र तुकडे जरूर द्या. ओलसर वर्तमानपत्रात गुंडाळून, पिशवीवर जातीचं नाव आणि रंग लिहून, आणि खाली मोठ्या अक्षरांत ‘दोन बोटं’.

शेवटचं काम काठीचं. जिथे लावली तिथे नाव लिहिलेली काठी रोवून ठेवा, ठसठशीत दिसेल अशी. मार्चअखेर बर्फ गेला की तो वाफा ओसाड दिसतो. वर्षभराच्या कोंडलेल्या उत्साहात आपण टोमॅटोसाठी तिथेच कुदळ घालतो, आणि मग मातीतून गाजरी-लाल रंगाचे, बोटाएवढे मोडलेले कोंब वर येतात.